टाकीमागचा ढग

चित्रकलेच्या सरांना खरं नाव होतं, हजेरीपटावर लिहिलेलंही होतं, पण शाळेत ते कोणी वापरत नसे. मुलं त्यांना तंद्रीसर म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. आणि सरही "काय गं?" म्हणून खुशाल वळत. राग यायला माणूस आधी जागेवर असावा लागतो. सर बहुतेक वेळा जागेवर नसत.

म्हणजे देहाने असत हो. पण वर्गाच्या खिडकीतून आलेल्या उन्हात खडूची धूळ तरंगायला लागली की सरही तिच्याबरोबर तरंगायला लागत. धुतलेला व्हरांडा वाळताना ओल कशी मागे मागे सरकते, मध्येच पाण्याची लहान बेटं कशी उरतात, हे बघत उभे राहिले की दोन घंटा होऊन गेल्या तरी त्यांना पत्ता नसे. एकदा तर ते आठवीऐवजी नववीत शिरले आणि पाण्याच्या पेल्याला छटा कशा द्यायच्या ते पाऊण तास मनापासून शिकवलं. तास गणिताचा होता. गणिताचे सर पाच मिनिटं दारात उभे राहून खोकले, मग मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यांनी काढलेला पेला बरा आला होता. आता अशा माणसावर रागवायचं तरी काय आणि कसं!

रागवायची ती फक्त ताई. ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. भावाचं लग्न झालं नाही, बहिणीचं होऊन नवरा लवकर गेला, तेव्हापासून दोघं दोन खोल्यांत एकत्र राहत. ताई खिडकीशी मशीन लावून कपडे शिवायची, उसवायची, आखूड-लांब करायची. बोलताना तिच्या ओठांत टाचण्या असत, त्यामुळे तिचं निम्मं रागावणं दातांतल्या दातांतच राही. "डोकं घरी ठेवून जातोस का रे रोज?" असं ती विचारी आणि टाचणी काढून पुढे म्हणे, "घरी तरी कुठे असतं म्हणा."

पण एक गोष्ट सर मन लावून करत, आणि ती म्हणजे ठिपके.

झालं होतं असं की नोकरीला लागल्या लागल्या मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवायचं काम त्यांच्याकडे आलं आणि दुसऱ्याच दिवशी तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी त्यांना आभाळाकडे बघताना पकडलं. "मास्तर, मुलं खाली आहेत," एवढंच ते म्हणाले. सरांना ते फार लागलं. त्यांनी स्वतःवरच एक उपाय शोधला. आडवी वही घ्यायची. पक्ष्याला दिसेल तसं मैदान तिच्यात काढायचं, फाटक, पायऱ्या, झाड, नळाची रांग. आणि मग मुलं दिसतील तिथे तिथे ठिपके द्यायचे. पळणाऱ्याच्या ठिपक्याला शेपटी. रडणाऱ्याभोवती बारीक कडं. एकटं बसलेलं मूल असेल तर ठिपका जरा दाबून काढायचा, म्हणजे नंतर जाऊन विचारपूस करायची आठवण राहते. मुलांना हा प्रकार भारी आवडायचा. सुट्टी संपता संपता पाच-दहा जण येऊन लोंबकळायचेच, "सर, माझा ठिपका? माझा?" आणि सर न चुकता बोट ठेवत. वर्गात नावं विसरणारा हा माणूस ठिपका मात्र कोणाचा कुठला ते सांगे. दर वर्षी अशी एक वही भरे आणि ताईच्या चिंध्यांच्या पेटीखाली जाऊन पडे.

आता गोलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या गोलावर आहे.

आठेक वर्षांपूर्वी मैदानात एका मुलाचा दात पडला. दुधाचाच होता, पडायचाच होता, पण पालक भांडत आले की तेव्हा तिथे शिक्षक नव्हता. शिक्षक होता, पण झाडाआड होता, आणि होता हे सिद्ध कसं करायचं? शाळेच्या वकिलांनी तोड काढली. मैदानाच्या मधोमध पिवळ्या रंगाचा गोल काढला. ज्याची पाळी असेल त्याने वहीत सही करायची आणि घंटेपासून घंटेपर्यंत त्या गोलात उभं राहायचं. "हे बघा," वकील तेव्हा सगळ्यांना समजावून म्हणाले होते, "मूल फाटकाच्या आत आलं की कायद्याच्या लेखी शाळा त्याची आईही आणि बापही. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न येणार, लक्ष ठेवणारा कुठे होता? आपलं उत्तर तयार पाहिजे. गोलात होता."

शिक्षक त्या गोलाची चेष्टा करत. सकाळी चहा पिताना एकमेकांना विचारत, "आज राज्य कोणावर?" बहुतेक वेळा ते तंद्रीसरांवरच असे, कारण बाकीच्यांना हमखास तेव्हाच कागदपत्रं आठवत आणि सरांना नाही म्हणता येत नसे. गोल काढला त्याच वर्षी एका लहानग्याच्या बुटाची नाडी बांधायला सर गोलाबाहेर चार पावलं गेले, तर त्यांना लेखी समज मिळाली. गोल सोडायचा नाही, काही झालं तरी. सरांनी कानाला खडा लावला. त्यानंतर नाडी सुटलेलं मूलच गोलापर्यंत चालत येई आणि पाय पुढे करी.

त्यानंतर दोन वर्षांनी मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याची टाकी बांधली. चांगली माणूसभर उंच, चौकोनी, सिमेंटची. तिच्यात आणि कुंपणाच्या भिंतीत एक बोळ उरला. गोल होता तिथेच राहिला. तो हलवायचं कोणाच्याही डोक्यात आलं नाही, कारण तो कागदोपत्री बरोबर जागी होता.

पहिल्या दिवशी सरांच्या वहीत त्या कोपऱ्यात कोरी जागा राहिली. दिसतच नव्हतं तर ठिपका कुठून देणार? दुसऱ्या दिवशीही कोरी राहिली. सगळीकडे ठिपक्यांची गर्दी आणि एका कोपऱ्यात पांढरं, मऊ, गोलसर काहीतरी. सरांना ते बघून बरं वाटलं. डोळ्याला विसावा. तिसऱ्या दिवशी त्यांनी नकळत त्या पांढऱ्याला बाहेरून एक रेघ ओढली आणि त्याचा ढग झाला.

मग सरांना त्या ढगाचा नादच लागला. रोज वेगळा. कधी फुगलेला, कधी लांबट, कधी उशीसारखा दबलेला. खाली ठिपके पळत, रडत, भांडत आणि वर कोपऱ्यात एक ढग निवांत बसलेला असे. वरचं आभाळ बघायला बंदी झाल्यापासून सरांना खाली एवढं एकच आभाळ उरलं होतं. सुट्टी संपल्यावर कधी ठिपके चार-सहा कमी भरत. सर स्वतःशी म्हणत, पाणी प्यायला गेली असतील. सहा वर्षं ते असंच म्हणत राहिले.

त्या दिवशी दुपार विलक्षण स्वच्छ होती. ऊन होतं पण टोचत नव्हतं. मैदानावरचा गलका सरांच्या कानात शिरता शिरता एकच आवाज होऊन गेला होता, लांबून येणाऱ्या पाण्यासारखा. सर गोलात उभे होते, वही हातावर होती, ठिपके भराभर पडत होते. ढग तर असा काही जमला होता की सरांनी त्याच्या पोटाला हलकी छटासुद्धा दिली. घंटा झाली. रांगा लागल्या. तिसरीच्या रांगेत एक जागा मोकळी.

"टोळ नाही सर!" पोरं ओरडली.

टोळ म्हणजे तिसरीतली एक किडकिडीत मुलगी. चालणं असं तिला ठाऊकच नव्हतं, इथून तिथे जायचं तर उडी. शाळेत सर्वात चांगलं चित्रही तीच काढायची. सर धावले. वीस-बावीस वर्षांत त्यांना धावताना कोणी पाहिलं नव्हतं. नळ बघितले, मुतारी बघितली, झाडामागे बघितलं आणि मग टाकीपाशी आले.

टाकीच्या पाइपावरून तिने उडी मारली होती. उजवा हात अंगाखाली सापडला होता. ती रडत नव्हती, रडून झालं होतं. सरांना बघून ती म्हणाली, "सर, मी हाका मारत होते."



कोपर मोडलं होतं, वाईट मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण हात पूर्वीसारखा पूर्ण सरळ होईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही. टोळची आई बेकरीत कामाला होती. तिने आठ दिवस वाट पाहिली की शाळेतून कोणीतरी येऊन नीट सांगेल, नेमकं काय झालं. कोणी आलं नाही. वकिलांनीच सगळ्यांना बजावलं होतं की घरी जायचं नाही, माफीचा शब्द तोंडातून काढायचा नाही, तो उद्या कबुलीजबाब म्हणून समोर येतो. मग नवव्या दिवशी तिने तक्रार दिली. चौकशी लागली.

मोठ्या बाईंनी सरांना आपल्या खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आत्ताच्या मुख्याध्यापिका. बाई वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाचं बोलणं फार लवकर संपतं. वकील टेबलाच्या कडेला बसून पेनाचं टोपण उघडत-लावत होते. त्यांचा मूड छान होता.

"सर, एकच सांगा. गोलात होतात ना?" वकिलांनी विचारलं.

"होतो."

"सही?"

"केली होती."

"झालं तर मग! शिक्षक नेमलेल्या जागी हजर, मैदानावर सतत नजर. मुलगी सांगितलेलं न ऐकता, कोणाला न सांगता, मनाई असलेल्या जागी स्वतःहून गेली. यात शाळेचा निष्काळजीपणा येतो कुठे?"

"मनाई होती?" सरांनी विचारलं.

"असणारच की. टाकीपाशी जा असं कोणी म्हणालं होतं का?" वकील हसले. "आणि मोठ्या बाई सांगत होत्या, तुम्ही म्हणे रोजचा नकाशा काढता. अहो, मग तर सोन्याहून पिवळं! असा पुरावा मला कोणत्या शाळेने आजवर दिला नाही. दाखवा बघू."

सरांनी पिशवीतून वही काढून दिली. वकील कौतुकाने पानं उलटत गेले. "वा! काय मेहनत आहे. एकेक मूल... हे काय?"

"ढग."

"मैदानात ढग?"

"तिथलं दिसत नाही. गोलातून."

वकिलांनी आणखी दोन पानं उलटली. ढग. मग दहा पानं मागे. ढग. पेनाचं टोपण लागलं ते उघडलंच नाही.

"अशा किती वह्या आहेत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"टाकी झाल्यापासूनच्या सहा."

मोठ्या बाईंनी डोक्याला हात लावला. खरं म्हणजे गोलातून तो कोपरा कोणालाच दिसत नव्हता, शाळेतल्या प्रत्येकाला ते माहीत असावं किंवा नसावं. पण दिसत नव्हतं याचा कागद फक्त या एका माणसाकडे होता, तोही तारीखवार, छटा दिलेला.

वकिलांनी वही मिटली आणि एका बोटाने सरांकडे सरकवली. "मी ही वही पाहिलेली नाही. तुम्ही मला दाखवलेलीही नाही. ही घरी न्या आणि माळ्यावर टाका. सर, तुम्ही साधे आहात म्हणून स्पष्ट सांगतो. हे बाहेर आलं तर शाळा अडकेल, पण शाळेच्या आधी तुम्ही अडकाल. सहा वर्षं माहीत होतं आणि सांगितलं नाही! नोकरी तर जाईलच, वर तुमच्यावर वेगळा खटला उभा राहील. आणि कशासाठी? मुलीचा हात त्याने सरळ होणार आहे?"

सर वही घेऊन घरी आले. रस्त्यात त्यांनी एकदाही वर पाहिलं नाही.

ताईला त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मशीनचं चाक हाताने धरून. मग म्हणाली, "ठेव पेटीखाली. वकील म्हणतोय ते बरोबर आहे. या वयात तुला दुसरं कोण ठेवून घेणार? पेला काढायला शिकवतोस तू, पेला!" तिचा आवाज चिरकला. तिने टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि मशीन चालवायला लागली.

शाळेचं लेखी उत्तर दोन दिवसांनी तयार झालं. सरांना सहीला दिलं. त्यात होतं की संपूर्ण मैदान शिक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात होतं आणि विद्यार्थिनी स्वभावाने अतिशय उनाड असल्याने वारंवार सूचना देऊनही ऐकत नसे. सरांनी ते तीनदा वाचलं. उनाड! तिला चित्रकलेच्या तासाला जागेवरून उठवावं लागे, घंटा झाल्यावर, एवढी ती रमायची. "वाचून सांगतो," म्हणून त्यांनी कागद खिशात घातला. सही केली नाही, नाहीही म्हणाले नाहीत. नेहमीचंच.

चौकशीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, दार वाजलं. दारात टोळ आणि तिची आई. आईच्या बाहीच्या घडीत पिठाची पांढरी रेघ होती. हातात शाळेचा शर्ट होता.

"ताई, एवढी उजवी बाही उसवून द्याल का? प्लास्टर जात नाही आत," ती ताईला म्हणाली. मग तिला आतल्या खोलीत सर दिसले. तिला माहीत होतं की हे सरांचं घर. आसपास शिवणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती मान खाली घालून आली होती.

ताईने शर्ट घेतला. उसवायला दोन मिनिटं पुरली असती, पण तिने बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडली, दोन्ही कडा दुमडून शिवल्या, बांधायला बंद लावले. शर्ट हातात घेत आई बोलली.

"सर, मला तुमच्याशी भांडायचं नाही. माझी मुलगी तुमचं किती सांगते घरी! फक्त एवढं सांगा. तुम्ही बघत होतात ना? मग ही अर्धा तास ओरडत होती, ती दिसली कशी नाही हो तुम्हाला?"

सर त्या बाहीच्या बंदांकडे बघत राहिले. आणि टोळ, जी एवढा वेळ मशीनच्या चाकाकडे बघत होती, ती वळून सहज म्हणाली, "सर, त्या दिवशी माझा ठिपका कुठे काढलात?"

ती चिडून विचारत नव्हती. रोज विचारायची तसंच विचारत होती. तिला खात्री होती की ठिपका असणार.

"बघून सांगतो," सर म्हणाले.

मायलेकी गेल्यावर ताईने मशीनवर आच्छादन घातलं, दुपार व्हायच्या आधीच. मग वाकून चिंध्यांची पेटी ओढली. खालच्या सहा वह्या काढल्या. पुसल्या. कापडाच्या पट्टीने एकत्र बांधल्या.

"तू तर म्हणाली होतीस..." सर म्हणाले.

"काय म्हणाले होते ते मला सांगू नकोस," ताई कडाडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. "सहा वर्षं ढग काढत बसलास, वेड्या! एकदा, एकदा तरी टाकीमागे जाऊन बघायचं होतंस. नोकरी गेली तर मी शिवीन दुप्पट. पण त्या पोरीला मी पुन्हा बाही मोजायला उभी केली तर तिच्याकडे बघायचं कसं मी?"

सर तिच्या पायाशी जमिनीवरच बसले. त्यांनाही रडू आलं. लहानपणी चुकलं की ताईपुढे बसायचे तसेच बसले.

चौकशी चित्रकलेच्याच वर्गात झाली, कारण तिथे मोठं टेबल होतं. चौकशीला आलेल्या अधिकारी बाईंना सडकून सर्दी झाली होती, त्या रुमाल नाकाशी धरूनच प्रश्न विचारत होत्या. एका बाजूला मोठ्या बाई आणि वकील. दुसऱ्या बाजूला आई आणि बंद बांधलेल्या बाहीतली टोळ. खिडकीतून ऊन येत होतं, उन्हात धूळ तरंगत होती. सरांनी त्या धुळीकडे बघायचं टाळलं.

"संपूर्ण मैदान तुम्हाला दिसत होतं का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

वकिलांनी पेनाचं टोपण टकटक वाजवलं.

"नाही," सर म्हणाले. "टाकीमागचं दिसत नव्हतं. कधीच दिसत नव्हतं." आणि त्यांनी कापडाची पट्टी सोडून सहा वह्या टेबलावर ठेवल्या.

मग प्रश्नांवर प्रश्न झाले. सर एकेकाचं उत्तर देत गेले. हो, माहीत होतं. सहा वर्षं. नाही, कोणाला सांगितलं नाही. नाही, जाऊन बघितलं नाही. गोल सोडायचा नव्हता, पण सुट्टी संपल्यावर जाता आलं असतं. गेलो नाही. हो, ढग मीच काढले. का काढले? "चांगले दिसायचे," सर म्हणाले, आणि ते म्हणताना त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

निकाल काय लागला ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे जीव टांगणीला नको. शाळेवर ठपका आला. मुलीच्या उपचाराची सगळी जबाबदारी शाळेने घ्यायची असं ठरलं. गोल खरवडून काढला, आता मधल्या सुट्टीत दोन शिक्षक असतात आणि ते फिरत असतात. सरांना एक वर्ष घरी बसावं लागलं, परत आले ते नोंदवहीत लाल शेरा घेऊन. वेगळा खटला झाला नाही. टोळच्या आईने तो केला नाही. ती म्हणाली, मी विचारलेल्याचं उत्तर मला मिळालं. हात बराचसा सरळ झाला, पूर्ण नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी सरांचं बोलणं संपलं. अधिकारी बाई लिहीत होत्या. वकील खिडकीबाहेर बघत होते. आणि टोळ खुर्चीवरून उडी मारून उतरली, आईने "अगं, हळू!" म्हणेपर्यंत टेबलाशी पोचली.

"सर, त्या दिवशीचं पान कुठलंय?"

सरांनी शोधून दिलं. पायऱ्या, झाड, नळाची रांग, ठिपकेच ठिपके आणि कोपऱ्यात तो ढग, पोटाला छटा दिलेला. टोळने सगळ्या ठिपक्यांवरून नजर फिरवली. मग टेबलावरची पेन्सिल डाव्या हातात धरली आणि ढगाच्या आत, खालच्या कडेला, दाबून एक ठिपका काढला. वाकडा आला. डाव्या हाताची सवय नव्हती.

"इथे होते मी," ती म्हणाली.

तिने पान मागे उलटलं. "इथे पण होते. आणि ह्या दोघी." तीन ठिपके. पुन्हा उलटलं. "ह्या दिवशी आम्ही पाच जणी होतो, घर-घर खेळत होतो. सावली असते ना तिथे." पाच ठिपके. पुन्हा पान. पुन्हा ठिपके. ढग भरत चालले. अधिकारी बाईंनी लिहिणं थांबवलं होतं, नाक पुसायचंही त्या विसरल्या होत्या. मोठ्या बाई उठून जवळ आल्या आणि तोंडावर हात धरून बघत राहिल्या.

"सर, रोज असायचो आम्ही तिथे," टोळ मान वर न करता म्हणाली. "मी पहिलीत होते तेव्हापासून. तुम्हाला माहीतच नव्हतं?"

"नाही गं," सर म्हणाले.

त्यांनी खिशातून दुसरी पेन्सिल काढली, तिचं टोक बोटाने तपासलं आणि टोळच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. जुन्या वह्यांमधली एक त्यांनी आपल्यापुढे उघडली.

"सावकाश सांग," ते म्हणाले. "अजून कोण कोण होतं?"